कात्री की कटर? हाताने कागद कापायला बसणाऱ्यांसाठी

कातरकाम मनापासून शिकायचं ठरवलं की पहिला प्रश्न हत्याराचा येतो. कात्रीने कापायचं की पेनासारखं धरायच्या, टोकाला पातं असलेल्या पेन कटरने? बहुतेक जण तो स्टेशनरीच्या दुकानात सोडवून मोकळे होतात, समोर जे सुटसुटीत दिसेल ते उचलतात. पण हत्यार बदललं की रेषा बदलते आणि चित्राची मांडणीही बदलते. आज कलादालनांत कातरलेल्या कागदाची जी घराणी दिसतात, त्यांतल्या कोणत्या घराण्यात आपण जाऊन बसणार, तेही इथेच ठरायला लागतं. म्हणून पैसे टाकण्याआधी दोन्हींकडे नीट पाहावं.

कात्रीने कापताना हलतो तो कागद. उजव्या हातातली कात्री जवळपास जागेवरच असते आणि डावा हात कागद फिरवत तिच्या तोंडात देत राहतो. पाती शेवटपर्यंत मिटू द्यायची नाहीत, कारण मिटली की टोकाशी बारीक खाच पडते आणि वळणाचा ओघ तुटतो. हे एकदा अंगवळणी पडलं की पेन्सिलने आधी काही न काढताही मोराची मान एका दमात उतरते. अडचण येते ती आतल्या भोकांची. त्यासाठी कागद हलकेच दुमडून घडीवर कात्री लावावी लागते किंवा टोकाने भोसकून आत शिरावं लागतं. त्यामुळे कात्रीचं चित्र बाहेरच्या कडेवर जगतं, आतल्या जाळीवर कमी.

घडी हा कात्रीचा दुसरा स्वभाव. शाळेत पतंगी कागदाच्या घड्या घालून ज्यांनी पताका कापल्या, त्यांना तो माहीत आहे. स्वित्झर्लंडच्या पेई-दॉनो भागातल्या योहान याकोब हाउसविर्थने (१८०९–१८७१) याच घडीतून आल्प्सच्या कुरणांवर चढणाऱ्या गुरांच्या रांगा कापल्या. पोलंडच्या खेड्यांत तर मेंढ्यांची लोकर कापायच्या कात्रीने कागदाची कोंबडी-फुलं कापत. चीनमध्ये कात्री आणि सुरी दोन्ही चालतात. तिथल्या कागदकातर कलेची २००९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत नोंद झाली.

कटरचं सगळं उलटं. इथे कागद खाली अंथरलेल्या कापायच्या मॅटवर पडलेला असतो आणि पातं फिरतं. चित्र कागदाच्या मागच्या बाजूला, आरशातल्यासारखं उलटं काढायचं. आधी सगळ्यात बारीक आतली भोकं, मग मोठी, आणि बाहेरची कड अगदी शेवटी. कड आधी सुटली तर कागद लुळा पडतो आणि आतलं काम फाटतं. पातं स्वतःकडे ओढायचं आणि वळण आलं की मनगट न वाकवता मॅटच फिरवायची. प्रत्येक आकार कुठे ना कुठे शेजारच्याला जोडलेला राहिला पाहिजे, नाहीतर तो गळून पडेल. कटरचं खरं शिक्षण हे जोड राखण्याचं आहे. रांगोळीचा छापा उजेडासमोर धरून पाहा, भोकांच्या मधल्या पट्ट्या का ठेवल्या आहेत ते कळेल. कटरवाल्याला हा सगळा हिशेब कापण्याआधी करावा लागतो. कात्रीवाला तो कापता कापता करतो.

ही वाटणी काटेकोर नाही. मथुरा-वृंदावनची सांझी कात्रीनेच कातरतात, पण ती मुळात छापा आहे. तिच्यावरून रंगाची पूड चाळून मंदिरात जमिनीवर किंवा पाण्यावर चित्र उमटवतात. म्हणजे हात कात्रीचा आणि डोकं जोड राखणाऱ्याचं. ज्याला दोन्हींतलं काहीच सोडवत नाही, त्याने सांझीचा खाका, म्हणजे हा कातरलेला छापा, जवळून पाहावा. मेक्सिकोतल्या पुएब्ला राज्यात वीस्कोलोत्लाचे कारागीर कात्रीही घेत नाहीत आणि सुरीही नाही. पातळ कागदांची अख्खी चळत रचून ते छिन्नी-हातोड्याने पताका पाडतात.

आता कलादालनांतल्या जागेबद्दल. माझं मत इथे स्पष्ट आहे. काम किती बारीक आहे यावर ती जागा ठरत नाही. हजारो भोकांची जाळी बघून बोट तोंडात जातं, आणि त्या मेहनतीचा मान राखलाच पाहिजे. पण कागद कातरूनच का, रंगवून का नाही, या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्या कामात आहे तेच कलाकार टिकले.

कात्रीकडे या उत्तराचे दोन मोठे दाखले आहेत. १९४१ साली पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फ्रेंच चित्रकार आंरी मातिस बराचसा खाटेला आणि चाकांच्या खुर्चीला बांधला गेला. सहायकांनी गॉश या अपारदर्शक जलरंगाने रंगवलेले कागद तो कात्रीने कापायचा आणि ते भिंतीवर टाचायला लावून पुन्हा पुन्हा हलवायचा. रेषा आधी आणि रंग नंतर, ही चित्रकलेतली जुनी फाळणी त्याने कात्रीच्या एका फटक्यात मिटवली. १९५३ सालची त्याची ‘गोगलगाय’ लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, जवळपास तीन मीटर बाजूची. तिच्यात नाजूक असं काहीच नाही, नुसते रंगाचे ओबडधोबड तुकडे आहेत. बारीक कापता येत नाही म्हणून खट्टू होणाऱ्याने ती जरूर पाहावी.

दुसरा दाखला मला त्याहून जवळचा वाटतो. बंगालचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी (१९०४–१९८०) यांची नजर जन्मापासूनच अधू होती. तरीही १९४६–४७ मध्ये शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात त्यांनी मध्ययुगीन संतांचं विशाल भित्तिचित्र रंगवलं. १९५७ साली डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर उरलीसुरली दृष्टीही गेली. पुढे त्यांनी कागद कातरून चित्रं केली. माणसांचे बसके, गोलसर आकार, मोजके तुकडे. कात्रीची रेषा डोळ्यापेक्षा हातात राहते याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. मॅटवरच्या पात्याने हे जमलं असतं असं वाटत नाही, कारण पात्याला सतत नजरेचा पहारा लागतो.

कटरकडचं नाव अर्थातच अमेरिकेची कृष्णवर्णीय कलाकार कॅरा वॉकर. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या ड्रॉइंग सेंटरमध्ये तिने काळ्या कागदाच्या माणूसभर उंचीच्या आकृत्या पांढऱ्या भिंतीवर चिकटवल्या. भिंत सुमारे पंधरा मीटर लांब. छायाचित्रण येण्याआधी युरोप-अमेरिकेत घरच्या माणसांची काळ्या कागदातली पार्श्वचित्रं, म्हणजे एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याची नुसती आकृती, करून घ्यायची रीत होती, स्वस्त आणि सभ्य. तीच रीत उचलून तिने गुलामगिरीच्या काळातली हिंसा आणि वासना दाखवली. इथे सगळेच काळे. गोरा मालक कोण आणि गुलाम कोण, हे बघणारा नाकाच्या आणि ओठांच्या कडेवरून ठरवतो. ठरवलं की त्याच्या लक्षात येतं, हा भेद आपणच आपल्या मनातून आणला. रंगवलेल्या चित्रात हे घडलं नसतं, त्याला कातरलेली कडच हवी. म्हणून तिचं काम कलेच्या इतिहासात गेलं.

कापून उरलेल्या जागेचं काय, हा प्रश्न दोन्ही घराण्यांना आहे. चीनच्या ल्यू शंगचोंगने लोककलेतल्या लाल माणसाच्या आकृत्या हजारोंनी कातरल्या आणि भिंतीच्या भिंती भरल्या. कातरलेली माणसं जितकी महत्त्वाची, तितकीच ज्या कागदातून ती निघाली ती पोकळी. डेन्मार्कचा पीटर कॅलेसन साध्या ए-फोर कागदातून आकृती कापून तिथेच उभी करतो आणि मागे राहिलेलं भोक तिच्या सावलीसारखं पडून असतं. कागद काढून घेतल्यावर जे उरतं त्याच्याकडे बघायला शिकवणारं माध्यम म्हणून समकालीन कलेला कातरकाम हवं आहे.

लेझर मशीनबद्दल थोडक्यात. शंभर सारख्या पत्रिका हव्या असतील तर लेझरच घ्या. कलाकारही ते वापरतात. ओलाफुर एलियासनने २००६ साली स्वतःच्या घराची पोकळी एका जाड पुस्तकात पानापानातून लेझरने कापून घेतली. तिथे एवढी पानं अचूक जुळणं हाच विचार होता. शिकणाऱ्याने मात्र इथून सुरुवात करू नये. पांढऱ्या कागदाच्या कडेला येणारी तपकिरी जळकी रेघ तर नकोच, पण त्याहून मोठा तोटा म्हणजे हाताला काहीच कळत नाही.

मग काय घ्यावं? चित्रकला येत नाही म्हणून बिचकत असाल तर डोळे मिटून कात्री. भरतकामाची, बारीक टोकाची, दोन्ही पाती टोकापर्यंत घट्ट बसणारी. कागद ६० ते ८० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), घडी घालता येईल असा. चित्र चांगलं काढता येत असेल, हातात धीर असेल आणि मनात मोठं, बारकाव्यांचं चित्र असेल तर कटर. माझा सल्ला विचाराल तर स्टेशनरीतल्या महागड्या पेन कटरपेक्षा सर्जिकलच्या दुकानातला स्कॅल्पेलचा, म्हणजे शस्त्रक्रियेच्या सुरीचा, तीन नंबरचा दांडा आणि अकरा नंबरची पाती घ्या. कागद १२० ते १६० जीएसएम. कापलेली कड बोटाला रवाळ लागली किंवा तिच्यावर लव उभी राहिली की पातं गेलं असं समजा. पात्यात काटकसर करू नका. बोथट पातं जोर लावायला लावतं, आणि हात घसरतो तो तेव्हाच. लहान मुलांसोबत बसणार असाल तर प्रश्नच नाही, कात्री.

हातकागदाचा मोह पुण्यात तर होणारच. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० पासून हे काम चालतं. त्या सुती कागदाचे लांब धागे पात्याला ओढ देतात, बारीक जाळीत कड भुसभुशीत होते. कात्रीच्या मोठ्या आकारांना मात्र तो शोभून दिसतो. कटरवाल्याने तो मागची पार्श्वभूमी म्हणून वापरावा.

आणि काम पूर्ण झाल्यावर फ्रेमवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा, हत्यार कुठलंही असो. कागद काचेला टेकता कामा नये. काच आणि काम यांच्यात अंतर राहील अशी खोल बॉक्स फ्रेम हवी. त्याने कातरकामाची सावलीही पडते आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कागद काचेला चिकटून बुरशी धरत नाही. मागचा पुठ्ठा आम्लमुक्त मागा. साधा करडा पुठ्ठा काही वर्षांत पांढरा कागद पिवळा पाडतो. संपूर्ण काम गोंदाने चिकटवू देऊ नका, चार-सहा ठिकाणी बारीक टेकू पुरतात, म्हणजे हवेतल्या दमटपणाने कागद फुगला तरी त्याला हलायला जागा राहते.