मर्सिडीज एसएल, आर १२९ : आधी छत बघा, इंजिन नंतर

१९८९ ते २००१ या काळात बनलेली मर्सिडीज एसएल, म्हणजे आर १२९, ही जुन्या जर्मन कन्व्हर्टिबलमधली, म्हणजे छत उघडणाऱ्या गाड्यांमधली, सगळ्यात दणकट गाडी, असं आमचं मत आहे. मर्सिडीजचे डिझाइनप्रमुख ब्रूनो साको यांच्या हाताखाली झालेलं डिझाइन आजही जुनं वाटत नाही. सीटबेल्ट सीटमध्येच बसवलेला आहे आणि गाडी उलटायला लागली तर मागचा रोलबार सेकंदाच्या एक-तृतीयांश वेळात उभा राहतो. दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात येणारी छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक बघून उघड्या जर्मन गाडीचा नाद लागलेल्यांनी हिचा विचार जरूर करावा. ती मेबॅक काही कुणी विकणार नाही.

कोल्हापुरात ही गाडी घेताना बघण्याचा क्रम मात्र उलटा ठेवा. हेड फेसिंग, बुश, एक्झॉस्टचं वेल्डिंग, रेडिएटर ही कामं उद्यमनगरच्या वर्कशॉपांत होतात आणि चांगली होतात. अडतं ते छताची सीलं, वायरिंग आणि कंट्रोल युनिट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा डबा, यांच्यापाशी. त्यामुळे इंजिन थोडं थकलेलं चालेल, छत आणि वायरिंग थकलेलं चालणार नाही.

छत हायड्रॉलिक आहे. पंप डिकीत स्टेपनीच्या जागेत असतो आणि डझनभर सिलिंडर छत, मागचं झाकण आणि कुलपं हलवतात. गाडी उभी असताना बटण दाबून धरलं की साधारण तीस सेकंदांत छत पूर्ण उघडलं पाहिजे. एकदा उघडून समाधान मानू नका. लागोपाठ तीनदा उघडा-मिटा, कारण तेल कमी असेल तर खोट दुसऱ्या-तिसऱ्या वेळी उघड होते. मध्येच थांबलं तर कारण तेल किंवा एखादा लिमिट स्विच (छत कुठवर आलं ते सांगणारा) असतो. विकणारा हाताने ढकलून ‘असंच करायचं असतं’ म्हणाला, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

मग सनव्हायझर खाली करून काचेच्या वरच्या पट्टीवर बोट फिरवा. तेलकट लागलं तर पुढच्या कुलपांचे सिलिंडर गळताहेत. आतली सीलं वयाने विरघळतात आणि तेल थेट बसणाऱ्याच्या डोक्यावर ठिबकतं. एक सिलिंडर गळायला लागला की बाकीचेही त्याच वयाचे असतात, तेव्हा सगळा संच एकदम नवीन सील घालून घेण्याचा खर्च धरा. नळी लेथवर बनेल, पण सीलचं मटेरियल चुकलं तर काही महिन्यांत तोच प्रकार. पंपात ब्रेक ऑइल कधीच घालू नका, त्याने रबर फुगतं. कंपनीने सांगितलेलं हायड्रॉलिक तेलच लागतं. रोलबार याच तेलावर चढतो, म्हणून त्याचं बटणही दाबून बघा.

आपल्याकडच्या पावसात पाण्याची चाचणी सोडून चालणार नाही. छत मिटवून साध्या नळाच्या पाइपने दहा मिनिटं पाणी सोडा, आधी दाराच्या काचेची वरची कड, मग पुढची पट्टी. प्रेशर वॉशर नको, तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो. नंतर मॅट उचलून कार्पेटखालचा फोम दाबा. छताच्या खाचेतली निचऱ्याची भोकं पालापाचोळ्याने तुंबतात आणि पाणी आत वळतं. ती नायलॉनच्या दोरीने मोकळी करा. हवा मारली तर आतली नळी निसटू शकते. मागच्या प्लॅस्टिकच्या खिडक्या पिवळ्या, चिरलेल्या असतील तर तेवढे पैसे तोडून मागा.

२०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या वितीवर गाळाची रेघ राहते. सीटचे बोल्ट आणि स्टेपनीचा खड्डा बघा. बोल्ट गंजलेले आणि कार्पेट कोरं करकरीत, ही जोडी संशयास्पद.

इंजिनांपैकी सहा सिलिंडरचं एम १०४ सांभाळायला बरं. त्याचं हेड गॅस्केट मागच्या कोपऱ्यातून तेल सोडतं, पण ते काम इथे होण्यासारखं आहे. साधारण १९९२ ते १९९५ च्या गाड्यांमध्ये इंजिनच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने भुगा होऊन पडतं, मग मिसफायर सुरू होतो आणि कंट्रोल युनिटही जळू शकतं. इंजेक्टरजवळची वायर हलकेच वाकवा. हार्नेस, म्हणजे हा वायरिंगचा संच, बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच समजा. वरून काळी टेप गुंडाळलेली असेल तर टेपच्या आत बघितल्याशिवाय हलू नका. एसएल ५०० चं जुनं एम ११९ व्ही-८ इंजिन झकास, पण पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाच्या) दोन टोप्यांमध्ये दमट हवा साचून सकाळी गाडी अडखळते. १९९८ नंतरच्या इंजिनांना हा त्रास नाही, मात्र त्यांना दर सिलिंडरला दोन प्लग लागतात. बारा सिलिंडरच्या ६०० च्या नादी लागू नका, त्यात निम्म्या गोष्टी दोन-दोन आहेत.

चाचणीला वाघबीळमार्गे पन्हाळ्याचा चढ घ्या, तोही थंड इंजिनपासून सुरुवात करून. चढावर हळू चालताना तापमानाचा काटा शंभरच्या पुढे सरकला तर फॅनचा व्हिस्कस कपलिंग (गरम झाल्यावर फॅनला जोर देणारा जोड) किंवा रेडिएटर गेला आहे. खाली आल्यावर पेट्रोलच्या नळ्या तपासा. जुनं रबर वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेलं नाही, म्हणून ताबा मिळताच त्या बदला. टायरवर बनल्याचा आठवडा आणि साल असतं. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी टाकाऊच.

कागद. गाडी अमेरिकेसाठी बनलेली नसेल तर चॅसी नंबर डब्ल्यूडीबी १२९ ने सुरू झाला पाहिजे. त्यातला दहावा आकडा १ असेल तर स्टिअरिंग डावीकडे, २ असेल तर उजवीकडे, आणि हे आरसीशी जुळायला हवं. आयात गाडीची कस्टम ड्युटी भरल्याची कागदपत्रं मागा. कार्नेवर, म्हणजे परत नेण्याच्या अटीवर ड्युटीशिवाय, तात्पुरती आलेली गाडी ड्युटी भरल्याशिवाय विकता येत नाही. मुंबई-पुण्याची असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी, मग कोल्हापूरच्या एमएच ०९ वर नाव लावायला फॉर्म २९ आणि ३०. पंधरा वर्षं उलटल्याने आरसीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरलाय का तेही बघा.

हार्डटॉप, म्हणजे वरून बसवायचं कडक छत, सोबत येतो का ते भाव ठरवण्याआधी विचारा. तो उतरवायला दोन माणसं आणि ठेवायला स्टँड लागतो. ‘तो गोडाऊनला आहे, नंतर पाठवतो’ असं उत्तर आलं तर नाही असंच धरून भाव करा.