ओझर ते सांब्रा: हवेत तासभर, दारापासून दारापर्यंत चार तास

नाशिकचा विमानतळ ओझरला, बेळगावचा सांब्र्याला. नाशिक–बेळगाव सरळ हवाई अंतर जेमतेम ४८० किलोमीटर. पुण्यावरून रस्त्याने गेलं तर साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे नऊ-दहा तास हाडं खिळखिळी. पन्नास आसनी एंब्रेअर १४५ जेट हे अंतर तासाभरात उरकतं. ताशी साडेसातशेच्या वेगाने हिशेब चाळीस मिनिटांचा निघतो खरा, पण विमान निम्मा वेळ चढण्या-उतरण्यातच घालवतं, वर धावपट्टीपर्यंतची रांगत जाणारी पाच-दहा मिनिटं. पंख्यांचं, जरा संथ एटीआर विमान असेल तर आणखी वीसेक मिनिटं धरा.

आसनं एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन. डावीकडची एकटी सीट मिळाली तर खिडकीही आपली आणि पॅसेजही! मात्र छत सहा फुटांचं, उंच माणसाने मान सांभाळावी. सामानाचे कप्पे फक्त उजवीकडे आणि उथळ. चाकांची कडक बॅग आत बसत नाही, मऊ पिशवी बरी.

खरा वेळ जमिनीवर जातो. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून ओझर पाऊण तास, वाटेत द्वारका चौकात अडकलात तर जास्त. चेक-इन काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो, त्यामुळे सव्वा तास तरी हातात हवा. सांब्र्याहून बेळगाव शहर दहा किलोमीटर, अर्ध्या तासात घर.

पावसाळ्यात ढग खाली आले की वेळापत्रक कोलमडतं. त्याच दिवशी पुढची गाडी किंवा लग्नाचा मुहूर्त गाठायचा असेल तर आदल्या दिवशीचं तिकीट काढा. उड्डाणाचे वारही बदलत राहतात, तेव्हा थेट सेवा सध्या चालू आहे ना ते पाहा आणि परतीचं बुकिंग आधी तपासा.