मांडीवरची गिटार घेताना: परवडणाऱ्या चार पर्यायांची तुलना

मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातील पोलादी बार तारांवरून सरकवत वाजवायच्या गिटारला आपल्याकडची जुनी माणसे हवाइयन गिटार म्हणतात आणि दुकानदार आता लॅप स्टील म्हणू लागले आहेत. वादनाची पद्धत एकच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर जोसेफ केकुकू यांनी ती घडवली असे मानले जाते; पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी याच पद्धतीने रागसंगीत वाजवले आणि विश्वमोहन भट्ट यांनी तरफेच्या, म्हणजे न छेडताही झंकारणाऱ्या, तारा जोडून मोहनवीणा तयार केली. पडदे नसलेल्या पात्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, कशी वाहते, हे सरोद ऐकत वाढलेल्या ग्वाल्हेरकरांना वेगळे सांगायला नको, आणि या वाद्याची ओढ इथल्या मुलांना लागते तीही त्या मींडेसाठीच.

आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गणेशोत्सवात पेटीवर साथ करणाऱ्या माझ्या भाच्याने यंदा असे वाद्य घ्यायचे ठरवले आणि वाद्य, बार, तारा मिळून पंधरा हजारांच्या आत काय घ्यावे, असे मला विचारले. त्याच्यापुढे चार वाटा होत्या: घरातील साधी गिटार बदलून घेणे, कोलकात्याची तयार हवाइयन गिटार घेणे, परदेशी बनावटीची विजेवरची लॅप स्टील मागवणे, किंवा सुताराकडून फळी घडवून घेणे. भजन, भावगीत, नाट्यगीत आणि थोडे रागदारी वाजवणाऱ्याला यांपैकी काय उपयोगी पडेल, एवढ्यापुरतीच ही तुलना आहे.

साधी गिटार आणि उंच नट

सर्वांत स्वस्त वाट ही आहे. साध्या अकूस्टिक गिटारच्या नटवर, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीवर, धातूचा एक खोबणीचा तुकडा बसवला की तारा पात्यापासून सुमारे एक सेंटिमीटर उचलल्या जातात आणि बार पडद्यांना न लागता फिरू शकतो. हा तुकडा काहीशे रुपयांत मिळतो. मान किंचित वाकल्यामुळे बोटाने वाजवायला निकामी झालेली गिटारही या कामाला चालते, कारण इथे तार पडद्यावर दाबायचीच नसते.

मात्र दुकानात सहसा कोणी सांगत नाही अशी एक अडचण यात आहे. साध्या गिटारचे पाते आडव्या दिशेने किंचित फुगीर असते आणि त्याला जुळावी म्हणून घोडीवरची हाडाची पट्टीही कमानदार घासलेली असते. नवा नट सपाट आणि घोडी कमानदार असल्यामुळे मधल्या तारा उंच आणि कडेच्या खाली राहतात. बार तर सरळ असतो. मग तो मधल्या दोन तारांवर टेकतो आणि पहिली तार झणझणते. नवशिक्याला वाटते की आपला हातच बसलेला नाही, आणि तो बार जोराने दाबू लागतो, त्यामुळे स्वर चढतो. तपासणी सोपी आहे: पोलादी फूटपट्टी घोडीजवळ सहाही तारांवर आडवी ठेवावी आणि ती डुलते का ते पाहावे. डुलली तर घोडीची पट्टी काढून नवी सपाट पट्टी बसवून घ्यावी. मी ती स्वतः केली. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ताणून हाडाची पट्टी त्यावर उभी धरली आणि फूटपट्टीखाली उजेडाची फट दिसेनाशी होईपर्यंत घासली. एका दुपारचे काम होते, आणि त्यानंतर त्याच गिटारचा पहिल्या तारेवरचा षड्ज प्रथमच स्वच्छ ऐकू आला.

दुसरी काळजी ताणाची. अमेरिकेतील डोब्रो (रेझोनेटर गिटार) वादकांची प्रसिद्ध जुळणी घेऊन मी पाचवी तार एका पूर्ण स्वराने आणि सहावी दीड स्वराने चढवली होती, तीही साध्या गिटारच्या तारांचाच संच ठेवून. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात दोन आठवड्यांत घोडी मागच्या बाजूने उचलली गेली, कारण उन्हाळ्यात सरस सैल होतो आणि वाढलेला ताण त्याला पेलत नाही. म्हणून बदललेल्या गिटारवर तारा फक्त उतरवूनच जुळवाव्यात. खालून वर रे, ला, रे, फा तीव्र, ला, रे अशी पाश्चात्त्य खुल्या डी ची जुळणी त्यासाठी योग्य आहे. तिच्यात एकही तार चढवावी लागत नाही. आपल्या भाषेत ती पेटीवरच्या पांढरी दोनचा षड्ज धरून सा, प, सा, ग, प, सा अशी होते.

या जुळणीतला शुद्ध गंधार मात्र रागदारीत आड येतो. भीमपलास किंवा मालकंस वाजवताना ती तिसरी तार चुकून छेडली गेली तरी रागाचा रंग जातो. ती अर्ध्या स्वराने उतरवून कोमल गंधार करावी, आणि मालकंसासाठी पंचमाच्या दोन्ही तारा मध्यमावर आणाव्यात. हे सगळे उतरवणेच असल्याने गिटारला धोका नाही.

कोलकात्याची हवाइयन गिटार

कोलकात्यात या वाद्याची मुळे खोल गेली आहेत. 1940च्या दशकात ताऊ मो यांचे हवाइयन कुटुंब तिथे राहून वाजवत होते, आणि रवींद्रसंगीत व चित्रपटगीते या गिटारवर शिकवण्याची रीत तिथल्या घराघरांत रुजली. त्यामुळे तिथल्या कारखान्यांतून आजही नट मुळातच उंच असलेल्या गिटारी बनतात आणि आपल्या बाजूच्या वाद्यविक्रेत्यांना त्या मागवता येतात.

साध्या गिटारपेक्षा हिचा फायदा असा की घोडी आणि नट एकाच हेतूने बसवलेले असतात, लांबीही पूर्ण असते आणि विजेशिवाय घरात ऐकू येण्याइतका आवाज मिळतो. ही लांबी महत्त्वाची आहे. नटपासून घोडीपर्यंत सुमारे 64.8 सेंटिमीटर अंतर असेल तर पहिल्या पडद्याची रेघ 3.6 सेंटिमीटरवर येते; परदेशी छोट्या लॅप स्टीलची लांबी बहुधा 57 सेंटिमीटर असते आणि तिथे हेच अंतर 3.2 सेंटिमीटर भरते. तार सप्तकात गेल्यावर दोन्ही अंतरे निम्मी होतात. सुराला पक्क्या माणसाला हा फरक जाणवतो, कारण आंदोलित गंधारासाठी बार हलवायला जागा हवी असते.

उणीव आहे ती घडणीच्या सारखेपणात. एकाच दुकानात शेजारी टांगलेल्या दोन गिटारींपैकी एकीच्या खुंट्या घट्ट आणि दुसरीच्या ढिल्या निघतात. फूटपट्टीची तपासणी इथेही करावीच. शिवाय तार जुळवून दहा मिनिटे वाजवावे आणि पुन्हा तपासावे. उतरली तर ती गिटार परत ठेवावी. तपासून घेता येत असेल तर पहिल्या वाद्यासाठी माझे मत याच गिटारच्या बाजूने आहे.

परदेशी, विजेवरच्या

या गटात तीन नावे वारंवार समोर येतात: रोग कंपनीची आरएलएस-1, रेकॉर्डिंग किंगची आरजी-32 आणि ग्रेचची जी5700. तिन्ही सहा तारांच्या, भरीव लाकडाच्या आणि सुमारे 57 सेंटिमीटर लांबीच्या आहेत. रोग सर्वांत स्वस्त, आणि तिच्यासोबत पिशवी व पाय मिळत असल्याने ती टेबलासारखी उभी करून वाजवता येते. रेकॉर्डिंग किंगमध्ये पी-90 जातीचा पिकअप, म्हणजे तारांची कंपने पकडून ॲम्प्लिफायरकडे पाठवणारा भाग, असतो. त्याचा आवाज जाड आणि गळ्याच्या जवळचा वाटतो. ग्रेच महॉगनीची आहे आणि दिसायला तिघींत सुंदर, पण किमतीने ती रोगच्या कितीतरी वर जाते.

तिघींतून निवडायचे झाले तर मी रेकॉर्डिंग किंग घेईन. गायकी अंगाने वाजवणाऱ्याला पिकअपचा भरदारपणा रूपापेक्षा जास्त उपयोगी आहे. पण आपल्या हिशेबात एक गोष्ट विसरली जाते: या गिटारी ॲम्प्लिफायरशिवाय शेजारच्या खोलीतही ऐकू येत नाहीत. वाहतूक, सीमाशुल्क, ॲम्प्लिफायर आणि केबल धरली की भाच्याची रक्कम सर्वांत स्वस्त वाद्यालाही अपुरी पडते. पी-90 सारखे एकेरी गुंडाळीचे पिकअप ट्यूबलाइटजवळ गुणगुणतात, आणि मंडपातल्या तात्पुरत्या वायरिंगला अर्थिंग नीट नसेल तर ही गुणगुण तंबोऱ्यावर चढते. ज्याला दर महिन्याला मंचावर बसायचे आहे आणि ॲम्प्लिफायर आधीपासून घरात आहे, त्याने जरूर घ्यावी.

आठ तारांच्या गिटारींचा मोह पहिल्या वर्षी टाळावा. चौकोनी मानेच्या, आत धातूचा शंकू असलेल्या रेझोनेटर गिटारचा आवाज मोठा असतो खरा, पण किंमत या चर्चेच्या बाहेर जाते.

सुताराकडून घडवलेली फळी

ही वाट कष्टाची आहे, पण मला ती मनापासून आवडते. विजेवरची लॅप स्टील म्हणजे मुळात एक भरीव फळी, दोन टोकांना तारांचे आधार, सहा खुंट्या, एक पिकअप, आवाज कमीजास्त करायचा 250 किलो-ओहमचा एक व्हॉल्युम आणि एक जॅक. पाडलेल्या जुन्या वाड्यातील सागाची तुळई मिळाली तर लाकूड पूर्ण सुकलेले असते. नट आणि घोडी दोन्हींना ॲल्युमिनियमचा काटकोनी अँगल चालतो, आणि तो सपाट असल्याने कमानीचा प्रश्नच उरत नाही. पूर्ण गिटार मात्र धातूची करू नये. 1930च्या दशकारंभी रिकनबॅकरने काढलेली ॲल्युमिनियमची पहिली विजेवरची गिटार मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने बेसूर होत असे, आणि आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो.

फळी घडवण्याचा खरा लाभ रेघांमध्ये आहे. लांबी 60 सेंटिमीटर ठेवली तर तार सा बरोबर 30 वर, पंचम 20 वर, मध्यम 15 वर आणि आपल्या कानाचा शुद्ध गंधार 12 सेंटिमीटरवर येतो. बाजारातील गिटारच्या रेघा पाश्चात्त्य समान अंतराच्या सप्तकाप्रमाणे असतात. त्या हिशेबाने हाच गंधार 12.4 सेंटिमीटरवर पडतो. चार मिलिमीटरचा हा फरक पेटीच्या गंधाराला सरावलेल्या कानाला चटकन कळत नाही, पण तंबोरा लावून बार दोन्ही ठिकाणी ठेवून पाहिला तर 12 वरचा गंधार तंबोऱ्यात मिसळतो आणि दुसरा वर तरंगत राहतो. विकत घेतलेल्या वाद्यावरही या जागा पेन्सिलीने खुणा करून ठेवता येतात.

साथीला बसणाऱ्याने गाण्याच्या पट्टीचाही विचार आधी करावा. बारने कुठलाही षड्ज धरता येतो, पण खुल्या तारांचा आधार पांढरी दोनलाच राहतो आणि काळी चार किंवा पाचला गाणाऱ्या बाईंना तो उपयोगी पडत नाही. फळीवर आपल्याला हव्या त्या जाडीच्या तारा सुरुवातीपासून निवडता येतात. तयार अकूस्टिक गिटारवर ही मोकळीक ताणामुळे मर्यादित असते.

बार

चारही वाटांवर एक खर्च टाळू नये. कमी किमतीच्या वाद्यासोबत मिळणारा बार बहुधा हलका आणि पातळ मुलाम्याचा असतो. स्वर लवकर विझतो आणि सरकताना तारेवर खरखर ऐकू येते. नख फिरवल्यावर कुठेही अडकणार नाही असा भरीव, वजनदार बार घ्यावा. कडेने खोबण असलेला बार बोटांत पक्का बसतो आणि तो उचलून कणस्वर घेणे सोपे जाते. गोल, गोळीच्या टोकाचा बार मींडेसाठी आणि तिरका धरण्यासाठी बरा. भाच्याला मी खोबणीचा घ्यायला सांगितले, कारण गोल बार त्याच्या घामेजलेल्या बोटांतून दोनदा तारांवर पडला होता. त्याने कोलकात्याची गिटार घेतली, सोबतचा बार डब्यात ठेवला, आणि उरलेल्या पैशांतून तारांचे दोन जादा संच घेतले.