अल्फा सेन्सर म्हणून ३८०० ला डबा घेतला, आणि कागद ठेवल्यावर टिकटिक वाढली!

भाच्याला विज्ञान प्रदर्शनासाठी काहीतरी वेगळं हवं होतं, मी फुशारकीत बोलून गेलो की चल, आपण अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे) पकडू. किरणोत्सर्ग मोजणारी गायगर ट्यूब महाग, त्यात अल्फासाठी अभ्रकाच्या पातळ खिडकीची लागते, म्हणून फोटोडायोडचा, म्हणजे उजेड ओळखणाऱ्या सिलिकॉनच्या तुकड्याचा मार्ग. साधा बीपीडब्ल्यू ३४ पारदर्शक प्लास्टिकमध्ये बंद असतो, अल्फा तिथेच अडतो. पण बीपीएक्स ६१ धातूच्या टोपीत येतो, वरची काच काढली की सिलिकॉन उघडं. अमेरिशियमचा (स्मोक डिटेक्टरमध्ये असतो तो किरणोत्सारी पदार्थ) एक अल्फा म्हणजे साधारण ५.५ एमईव्ही ऊर्जा, त्याने सिलिकॉनमध्ये जवळपास १५ लाख इलेक्ट्रॉन-होल जोड्या, म्हणजे विजेचे सुटे भार, सुटतात, चांगला अॅम्प्लिफायर असला की पल्स दिसते.

काच कापताना डायोडच जायचा ही भीती, म्हणून ऑनलाइन तयार मॉड्यूल शोधलं. एकाची जाहिरात होती, काच काढलेला डायोड, अॅम्प्लिफायर, बझर, सगळं काळ्या डब्यात, ३८०० रुपये, यूपीआयने आधी पैसे. व्हिडिओत तो स्मोक डिटेक्टर जवळ आणतो आणि टिकटिकचा पाऊस. इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती! डिटेक्टर न उघडता, आख्खा. अल्फा हवेतच जेमतेम चार सेंटीमीटर जातो, ते प्लास्टिकचं कव्हर तो कसला भेदतोय. बाहेर येतो तो थोडासा गॅमा किरण, तो एवढुशा डायोडवर असा पाऊस पाडत नाही. (तुम्ही उघडून बघायला जाऊ नका हां, आतला स्रोत खेळायची वस्तू नाही.)

डबा आला. आईने माळ्यावरच्या जुन्या पेट्रोमॅक्सची जाळी काढून दिली, जुन्या जाळीत थोरियम असायचं, तेही अल्फा सोडतं. जवळ नेली, टिक टिक टिक. भाचा नाचायला लागला, मीही खूश. मग त्यानेच विचारलं, "मामा, पुस्तकात तर लिहिलंय अल्फा कागदाने अडतो, अडवून बघूया?" मध्ये वहीचा कागद धरला. टिकटिक वाढली. परत धरला, परत वाढली. जाळी बाजूला ठेवून नुसता तळहात धरला, तरी वाढली, मग एक रुपयाचं नाणं, मग आईची आमसुलाची बरणी, सगळंच रेडिओअॅक्टिव्ह!

विक्रेत्याला मेसेज केला. आधी म्हणे बॅकग्राउंड रेडिएशन आहे सर, मग म्हणे कॅलिब्रेशन बिघडलंय, अजून ९०० पाठवा, हाय सेन्सिटिव्हिटी बोर्ड देतो. नाही म्हटल्यावर ब्लॉक.

रात्री स्क्रू काढले. आत एक आठ पायांचा मायक्रोकंट्रोलर, बझर, आणि डायोडची काच जशीच्या तशी, वर ग्लूगनचा गोळा. अॅम्प्लिफायर नावालाही नाही. डायोड नुसता उजेड मोजत होता, सावली पडली की टिकटिक वाढवायची एवढाच प्रोग्राम, म्हणजे काहीही जवळ आणलं की डेमो पास. आणि मला हेही सुचलं नव्हतं की खरा उघडा डायोड ट्यूबलाइटखाली चालतच नाही, उजेडानेच भरून जातो, म्हणून लोक तो पत्र्याच्या बंद डब्यात ठेवतात, स्रोतसुद्धा आतच.

सायबरच्या १९३० वर तक्रार केलीय, नंबर मिळाला, पैसे अजून नाहीत. तुम्ही असं काही घेणार असाल तर विक्रेत्याकडून आतल्या सर्किटचा फोटो आणि कागद मध्ये सरकवतानाचा व्हिडिओ मागा, दोन्ही एकाच शॉटमध्ये, कट नको.

नंतर सुटा बीपीएक्स ६१ आणून बारीक कानशीने टोपी कापली, पहिला फुटला, दुसरा जमला. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तीच जाळी, मिनिटाला मोजून चार-पाच टिक, मध्ये कागद घातला की गप्प. प्रदर्शनात लोकांना हे फार संथ वाटलं.

तो काळा डबा भाच्याने कपाटात टाकलाय. दार बंद केलं की आत टिकटिक सुरू होते.