मऊ जिंजर कुकीसाठी काय निवडाल: मोलॅसिस, काकवी, गूळ की ब्राउन शुगर?

आल्याच्या कुकीजचे दोन पंथ आहेत. एक कडक: इंग्रजांची जिंजर नट किंवा स्वीडनमधली पातळ, कुरकुरीत पेपरकाकोर. दुसरी मऊ: कडेला जरा घट्ट, मध्ये ओलसर, मोडायला गेलं तर तुटण्याआधी वाकणारी, वर भेगा आणि भेगांच्या कडेला चमकणारे साखरेचे दाणे. ही दुसरी अमेरिकन घरांमधली, थंडीच्या आणि नाताळच्या दिवसांतली. तिची कृती वाचायला घेतली की सामानाच्या यादीत लवकरच ‘मोलॅसिस’ (साखर बनवताना उरणारा गडद, घट्ट द्रव) येतं आणि आपल्याकडचा वाचक तिथेच अडतो. त्याच्याऐवजी काय घालायचं यावर प्रत्येकाचा वेगळा सल्ला. शिवाय लोणी की तूप, अंडं की बिनअंड्याचं, सुंठ की आलं हे प्रश्न आहेतच.

तुलना एकाच मापावर व्हावी म्हणून आधी माप सांगते. साधारण १२ कुकीजसाठी: मैदा १४० ग्रॅम, लोणी ८५ ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, मोलॅसिस किंवा त्याच्या जागी जे घालाल ते ४० ग्रॅम, एका अंड्याचा बलक, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, सुंठ पूड दीड छोटा चमचा, दालचिनी पूड अर्धा छोटा चमचा, लवंग पूड दोन चिमूट आणि मीठ चिमूटभर. लोणी-साखर फेटायची, मग बलक आणि मोलॅसिस किंवा त्याच्या जागचं जे असेल ते घालायचं, शेवटी कोरडं सामान मिसळायचं. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून ३० ग्रॅमचे गोळे करायचे, साखरेत घोळवायचे आणि १८० अंशांवर भाजायचे. एवढीच कृती. बाकी सगळा खेळ निवडीचा.

गोडवा कशाचा?

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. नुसत्या पांढऱ्या साखरेची कुकी थंड झाली की साखर पुन्हा स्फटिक धरते आणि कुकी कडक होते. मोलॅसिसमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. ते पाणी धरून ठेवतं आणि साखरेला स्फटिक धरू देत नाही. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही कुकी मऊ राहते. त्याची जागा घेणाऱ्या वस्तूत हाच गुण हवा, गडद रंग नंतर.

मोलॅसिस म्हणजे आपल्या साखर कारखान्यांतली मळी, फक्त खाण्यायोग्य स्वच्छ केलेली. कारखान्यातली मळी आसवनीत जाते, तिचा इथे विचारही नको. बाटलीतलं आयात मोलॅसिस मिळतं, पण घेण्याआधी लेबल वाचा. फिकं किंवा गडद असेल तर चालेल. ‘ब्लॅकस्ट्रॅप’ असेल तर ठेवून द्या, कारण ते साखर काढून काढून उरलेलं, कडवट आणि जळकं असतं. तब्येतीसाठी चमचाभर घेणारे घेतात, पण कुकीत ते औषधासारखं लागतं. शिवाय १२ कुकीजसाठी ४० ग्रॅम वापरायचं आणि उरलेली महागडी बाटली वर्षभर कपाटात ठेवायची, हे मला पटत नाही.

माझं मत सरळ काकवीच्या बाजूने आहे. गुऱ्हाळात रस आटत असताना गूळ बसण्याआधी काढलेली ही काकवी घट्ट, वाहती आणि गडद सोनेरी असते. तिच्यातली साखर काढून घेतलेली नसते, म्हणून ती मोलॅसिसपेक्षा गोड आणि बरीच सौम्य लागते. पाणी धरण्याचा गुण तिच्यात आहेच. दोन बदल मात्र करायचे. साखर १०० ऐवजी ९० ग्रॅम घ्यायची, आणि अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस घालायचा. मोलॅसिस आंबटसर असतं म्हणून सोडा त्याच्यासोबत नीट काम करतो. काकवी तितकी आंबट असेलच असं नाही, आणि काम न झालेला सोडा जिभेला साबणासारखा लागतो. कुकीचा रंग अमेरिकन फोटोतल्यासारखा काळपट तपकिरी येणार नाही, तांबूस येईल. येऊ दे.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे हंगामात ताजी काकवी सहज मिळते. शहरात बाटलीतली घ्यावी लागते. झाकण उघडल्यावर आंबूस वास आला किंवा वर फेस दिसला तर ती फसफसायला लागली आहे, ती नको. तळाशी साखरेचे खडे बसले असतील तर काही बिघडत नाही, बाटली गरम पाण्यात उभी केली की विरघळतात.

गूळ हा दुसरा पर्याय, आणि घरात असतोच. पण इथे हात सवयीने चुकीकडे जातो. गूळ विरघळवायला ठेवला की आपण पाक करायला लागतो, आणि गोळीबंद पाक कुकीत घातला तर कुकी नव्हे, चिक्कीची बहीण तयार होते. ३५ ग्रॅम मऊ गूळ दोन छोटे चमचे पाण्यात मंद आचेवर फक्त विरघळवा, उकळी फुटायच्या आत उतरवा, गाळून घ्या आणि पूर्ण थंड झाल्यावरच लोण्यात घाला. कोमट घातला तर लोणी वितळेल आणि ट्रेवर गोळ्यांच्या पुऱ्या पसरतील. चिक्कीचा गूळ यासाठी नको. कोरडी गूळ पावडरही जेमतेमच, कारण त्यात ओल नसते. लिंबाचा रस काकवीसारखाच इथेही घाला.

गोव्यात ज्यांना माडाचा काळा गूळ मिळतो त्यांनी तो जरूर वापरून बघावा. त्याचा रंग आणि किंचित धुरकट, खारटसर चव मोलॅसिसच्या खूप जवळ जाते. उसाच्या गुळाने हे साधत नाही. गोव्यात नाताळच्या दोदोल या मिठाईत हाच गूळ असतो, त्यामुळे सणाशीही त्याचं जमतं.

ब्राउन शुगर घेताना डोळे उघडे ठेवा. खरी ब्राउन शुगर म्हणजे मोलॅसिस मिसळलेली ओलसर साखर. चिमटीत दाबली तर गोळा होतो. आपल्याकडे त्याच नावाने अनेकदा डेमेरारासारखी रवाळ, कोरडी, चमकदार दाण्यांची साखर विकली जाते. ती दिसायला तपकिरी असली तरी वागते पांढऱ्या साखरेसारखी. ओलसर मिळाली तर साखरेच्या जागी तीच घाला आणि सोबत ४० ग्रॅम काकवी. या जोडीची कुकी सगळ्यांत मऊ होते. पण एकट्या ब्राउन शुगरवर, काकवी-मोलॅसिसशिवाय, हवा तो ओलावा येत नाही.

मधाचं नाव बरेचजण सुचवतात. मधाने मऊपणा येतो, पण रंग फार लवकर चढतो आणि सुंठ-लवंगेवर मधाची चव कुरघोडी करते. दुसरं काहीच नसेल तर वापरा, आणि ओव्हन १० अंश कमी ठेवा.

परदेशातल्या मराठी घरांचा हिशेब उलटा आहे. अमेरिकेत साधं मोलॅसिस कुठल्याही किराणा दुकानात स्वस्तात मिळतं, काकवी शोधायला मात्र भारतीय दुकान गाठावं लागतं. तिथे मोलॅसिसच घ्या.

लोणी, तूप की तेल?

नानकटाईच्या सवयीने हात तुपाकडे जातो. नानकटाईला तूप हवंच, कारण तिथे खुसखुशीतपणा हवा असतो. तुपात जवळपास नुसता स्निग्धांश, पाणी नाहीच. इथे आपल्याला बरोबर उलटं हवंय. बाजारच्या बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि बाकी बराचसा भाग पाणी असतं, ते मैद्याला थोडी चिवट वीण देतं. तूपच वापरायचं असेल तर ८५ ग्रॅमच्या जागी ७० ग्रॅम थिजलेलं तूप आणि एक मोठा चमचा दूध. कुकी चांगली होईल, पण जरा भुसभुशीत.

विकतचं पिवळं बटर बहुधा खारं असतं. ते घेतलं तर वेगळं मीठ घालू नका. घरचं पांढरं लोणी चवीला छान, पण त्यातलं ताक नीट धुऊन, दाबून काढलं नसेल तर पाणी जास्त होतं आणि कुकी पसरते. तेलाची कुकी मऊ आणि च्युई (चावताना किंचित चिवट) दोन्ही होते, हे खरं आहे. फक्त लोण्याची चव जाते, आणि आल्याच्या तिखटपणाला जो मऊसर आधार लागतो तो उरत नाही. उन्हाळ्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात लोणी ओट्यावर ठेवल्या ठेवल्या पाघळत असेल तर अर्धं लोणी, अर्धं तेल अशी तडजोड करा, आणि गोळे पूर्ण तासभर फ्रिजमध्ये ठेवा.

अंडं की बिनअंड्याचं?

अंडं चालत असेल तर पूर्ण अंड्यापेक्षा नुसता बलक सरस. पांढरा भाग कुकी कोरडी आणि केकसारखी करतो, बलक स्निग्धता देतो. १२ कुकीजच्या मापात अर्धं अंडं कसं मोजायचं ही डोकेदुखीही टळते.

अंडं नको असेल तर बहुतेकजण दही घालतात. एक मोठा चमचा घट्ट दही चालतं (मग लिंबू नको), पण कुकी फुगीर आणि केकच्या वळणाची होते. माझी पसंती जवसाला. एक छोटा चमचा बारीक जवस पूड एका मोठ्या चमच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवली की बुळबुळीत होते आणि च्युईपणा तिच्याकडून बऱ्यापैकी येतो. एरवी जवसाचा रंग आणि वास खटकतो, पण या तपकिरी, मसालेदार कुकीत तो कुणाला कळतसुद्धा नाही. कंडेन्स्ड मिल्क नको, गोड आधीच पुरेसं आहे.

सुंठ की आलं?

ओल्या आल्यातलं जिंजेरॉल हे तिखट द्रव्य वाळताना काही प्रमाणात शोगाओलमध्ये बदलतं आणि ते अधिक तिखट असतं. म्हणून सुंठीचा झणका खोल, घशापर्यंत जाणारा. रामनवमीचा सुंठवडा खाल्लेल्यांना तो सांगायला नको. ओलं आलं भाजताना उलट सौम्य होतं, त्याचा लिंबासारखा ताजा वास तेवढा मागे राहतो. तेव्हा मुख्य काम सुंठीचं. डिंकाच्या लाडवांसाठी आणलेली, वर्षभर डब्यात पडून राहिलेली पूड नको. अख्खी सुंठ ठेचून मिक्सरमधून काढा आणि चाळा, नाहीतर दाताखाली दोरे येतात. सोबत हवं तर एक छोटा चमचा आलं किसून, पिळून, पाणी काढून घाला.

परदेशी कृतीत साखरेत मुरवलेल्या आल्याचे तुकडे असतात. त्यांची जागा आपली आलेपाकाची वडी सुंदर भरून काढते, ती वापरून बघा असं मी आवर्जून सांगेन. बारीक तुकडे करून गोळ्याच्या पोटात दाबा. तळाशी आले तर साखर वितळून ट्रेला चिकटते आणि जळते.

वेलची-जायफळ मात्र आवरा. ते घातलं की चव थेट नानकटाईकडे वळते. त्यापेक्षा चिमूटभर मिरपूड घाला. मैद्याच्या जागी कणीक घ्यायची तर अर्ध्यापर्यंतच. चक्कीची कणीक पाणी जास्त पिते, म्हणून एक-दोन छोटे चमचे दूध वाढवावं लागतं, आणि वरच्या भेगाही कमी पडतात.

ओव्हन कोणता?

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) असेल तर प्रश्नच नाही. दोन्ही कॉइल सुरू, मधला रॅक, आधी पंधरा मिनिटं तापवलेला. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनमध्ये पंख्यामुळे कुकी लवकर वाळते, तिथे १६० ते १६५ अंश ठेवा. मीठ घातलेल्या कढईत ही कुकी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नानकटाई तिथे निभते. या कुकीला वरून झटकन उष्णता हवी, नाहीतर भेगा पडत नाहीत, आणि कढईत तळ करपेपर्यंत वर पांढरंच राहतं. गल्लीतल्या बेकरीत दिवाळीला नानकटाई भाजून आणतो तसं हिचं पीठ देऊ नका. तिथली भट्टी एक-दोन मिनिटांचा हिशेब ठेवत नाही, आणि इथे सगळं त्यावरच अवलंबून आहे.

नऊ मिनिटं झाली की बघा. कडा बसलेल्या असतात, मध्ये टम्म फुगलेलं असतं, आणि भेगांच्या आत अजून ओलं, कच्च्यासारखं चकाकतं. उचलायला गेलात तर मोडेल. हीच वेळ काढायची. ‘अजून दोन मिनिटं ठेवू’ म्हणून थांबलात तर काकवी, बलक, लोणी सगळं वाया गेलं, कुकी कडक होणार. ट्रेवरच पाच-सात मिनिटं राहू द्या. मधला फुगवटा खाली बसतो, भेगा रुंदावतात आणि आतलं ट्रेच्या उष्णतेवर शिजून स्थिरावतं. प्रत्येक ओटीजीचा काटा थोडं खोटं बोलतो, म्हणून आधी एकच गोळा भाजून मिनिटं ठरवा आणि मग पूर्ण ट्रे लावा.

मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ही कुकी मऊ राहण्याची चिंता नाही, फक्त पावसाळ्यात चार-पाच दिवसांत संपवा. कोरड्या हवेत घट्ट झाकणाच्या डब्यात ब्रेडचा एक तुकडा टाकून ठेवा. तो कडक होईल, कुकीज होणार नाहीत. त्यापेक्षा सोयीचं म्हणजे कच्चे गोळे फ्रीझरमध्ये ठेवणं. दोन महिने सहज टिकतात. हवे तेवढे काढायचे, दहा मिनिटं बाहेर ठेवायचे आणि एक-दोन मिनिटं जास्त भाजायचे. साखरेत मात्र फ्रीझरमध्ये ठेवताना नाही, भाजायच्या अगदी आधी घोळवा. फ्रीझरमध्ये ती ओल धरते आणि दाणे विरघळून जातात.