ईनो आधी की बसिन्स्की? अँबियंट ऐकायला सुरुवात करताय त्यांच्यासाठी

अँबियंट इलेक्ट्रॉनिक, म्हणजे आजूबाजूच्या वातावरणात मिसळून जाणारं संथ इलेक्ट्रॉनिक संगीत, ऐकायचंय पण कुठून सुरू करू, असं कोणी विचारलं की दोन नावं हमखास येतात, ब्रायन ईनोचा 'अँबियंट १: म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' (१९७८) आणि विल्यम बसिन्स्कीचे 'द डिसइंटिग्रेशन लूप्स' (२००२-०३). सुरुवातीलाच दोन्ही घेऊन बसू नका, एक निवडा. दोघांना ऐकायची पद्धतच वेगळी आहे, आणि नको त्या वेळी नको तो लावला तर 'यात काही होतच नाहीये' असं म्हणून माणूस पाच मिनिटांत बंद करतो आणि परत या वाटेला जात नाही, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत बघितलंय आणि मला खरंच वाईट वाटतं.

गंमत म्हणजे दोघांचं हत्यार एकच, टेप लूप. टेपचा तुकडा घ्यायचा, दोन टोकं एकमेकांना चिकटवायची आणि गोल फिरत ठेवायचा, म्हणजे तेच सूर परत परत येत राहतात. बास. पण ईनोच्या लूपमध्ये सूर परत त्याच जुळणीत जवळजवळ येतच नाहीत आणि बसिन्स्कीच्या लूपमध्ये ती गोष्टच हळूहळू नाहीशी होते.

ईनोचं आधी सांगतो. कोलोनच्या विमानतळावर ताटकळत बसलेला असताना तिथलं संगीत ऐकून त्याला हे सुचलं. विमानतळावरच्या संगीतात मध्येच अनाउन्समेंट झाली तरी काही बिघडायला नको, लोकांच्या बोलण्याच्या आड ते यायला नको, असा त्याचा विचार होता. अल्बममध्ये चारच ट्रॅक, नावंसुद्धा १/१, २/१ अशी, सगळं मिळून पाऊण तासाच्या आसपास. पहिल्यात रॉबर्ट वायटचा पियानो आहे, सतरा मिनिटं, थोडेसेच सूर आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. मला स्वतःला दुसरा (२/१) जास्त आवडतो, त्यात फक्त माणसांचे आवाज आहेत, प्रत्येक जण एकच सूर लांबवर धरून ठेवतो आणि प्रत्येक सुराचा लूप वेगळ्या लांबीचा, एक साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळजवळ सव्वीस, तिसरा जवळजवळ तीस. लूप इतके लांब होते की कॉनी प्लांक या जर्मन प्रोड्यूसरच्या स्टुडिओत टेप अ‍ॅल्युमिनियमच्या खुर्च्यांच्या पायांभोवतून फिरवली होती. आता या आकड्यांचा परिणाम बघा, हे सूर परत त्याच क्रमाने भेटायला प्रचंड वेळ लागेल, त्यामुळे तेच सूर ऐकताय तरी दर वेळी जुळणी नवीन असते, कधी दोन आवाज एकमेकांवर येतात, कधी नुसतीच शांतता, आणि ते कोणी ठरवून केलेलं नाहीये. हे कळलं की ऐकायला अजून मजा येते.

बसिन्स्कीचं वेगळं. त्याच्याकडे १९८० च्या दशकातले जुने लूप पडून होते, रेडिओवरच्या हलक्याफुलक्या संगीतातले तुकडे पकडून बनवलेले. २००१ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये तो ते डिजिटल करायला बसला आणि टेप फिरता फिरता तिच्यावरचा आयर्न ऑक्साइडचा थर सुटायला लागला, म्हणजे आवाज ज्या थरात असतो तोच थर भुकटी होऊन गळत होता. त्याने मशीन थांबवलं नाही, रेकॉर्डिंग चालू ठेवलं. पहिला भाग ('डीएलपी १.१' हे त्या ट्रॅकचं नाव) तासाच्या थोडा वर आहे, ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांची वाटावी अशी एक छोटीशी धून, काही सेकंदांची, आणि पूर्ण वेळ तेवढंच. पहिली दहा-पंधरा मिनिटं काही बदलतंय असं वाटतच नाही, मग एखादा सूर जरा खरखरीत होतो, मग त्यात भोकं पडायला लागतात, आणि शेवटाकडे धून जवळपास गेलेली असते, थोडेसे ठोके आणि मधली शांतता एवढंच उरतं, आणि तरीही कान ती पूर्ण धून स्वतःच भरून काढत राहतो. माझ्या मते या संगीताची सगळी ताकद इथे आहे. हे अर्धवट ऐकून कळणारच नाही.

याला ९/११ चा संदर्भ आहे तो माहीत असू दे. काम नुकतंच झालं होतं आणि तो हल्ला झाला, त्या संध्याकाळी बसिन्स्कीने आपल्या गच्चीवरून मॅनहॅटनवरचा धूर उजेड जाईपर्यंत कॅमेऱ्यात घेतला, नंतर त्याला हे संगीत जोडलं आणि काम मृतांना अर्पण केलं. कव्हरवरची चित्रं त्यातलीच. बरेच जण आधी तो व्हिडिओ बघायला सांगतात, मी नाही सांगणार. लूप त्याआधीचे आहेत, हा शोक त्यांच्यात नंतर आला, म्हणून पहिल्यांदा नुसतं ऐका, व्हिडिओ नंतर.

आता ठरवायचं कसं. घरात माणसं आहेत, स्वयंपाक चाललाय, तुम्ही काम करताय किंवा वाचताय, तर ईनो, स्पीकरवर, आवाज अगदी कमी, पंख्याच्या आवाजात थोडा मिसळला तरी चालेल, लक्ष गेलं तर गेलं नाही गेलं तर नाही, तो त्यासाठीच बनवलाय. लोकलमध्ये मात्र लावू नका, त्यातली शांतता गोंगाटात बुडून जाते आणि मग उरतात फक्त सुटे सूर. बसिन्स्कीला उलट पूर्ण तास हवा, एकट्याने, हेडफोन लावून, फोन बाजूला. आणि मध्ये जाहिराती येणाऱ्या फुकट अ‍ॅपवर तो अजिबात ऐकू नका, त्या तासाच्या मध्यात एक जाहिरात आली की सगळं गेलं. मन आधीच जड असेल त्या दिवशीही नको, हा अल्बम सांत्वन करत नाही.

अजून एक. विलंबित ख्याल ऐकायची सवय असेल तर माझं म्हणणं सरळ बसिन्स्कीपासून सुरू करा. तीच बंदिश परत परत येते आणि त्यातला बारीक फरक पकडायचा, हे काम तुमचा कान आधीपासून करतोय. आणि हा संबंध मी ओढूनताणून जोडत नाहीये, टेप लूपवर सुरुवातीच्या काळात काम केलेला टेरी रायली १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला, ट्रम्पेट वाजवणारा जॉन हॅसलही त्यांच्याकडे शिकला आणि त्याच हॅसलने १९८० मध्ये ईनोबरोबर अल्बम केला. किराणा म्हटलं की आपल्याला आधी भीमसेनजी आठवतात, पण त्या घराण्याचा सूर असा इथपर्यंतही पोचलाय.

बाकी कोणाला काहीच सवय नसेल तर ईनो, त्यातही १/१ सोडून थेट २/१ लावून बघा, साधारण नऊ मिनिटांचाच आहे.

ईनो आवडला तर पुढे त्याच मालिकेतला दुसरा, हॅरॉल्ड बडबरोबरचा (१९८०), तो अजून मऊ आहे. बसिन्स्की आवडला तर टिम हेकरचा 'रेव्हडेथ, १९७२' (२०११), आइसलँडमधल्या रेक्याविकच्या एका चर्चमधला पाइप ऑर्गन रेकॉर्ड करून मग त्याची पार मोडतोड केलीये, आवाज मोठा ठेवला तरच कळतो. अ‍ॅफेक्स ट्विनचा 'सिलेक्टेड अँबियंट वर्क्स व्हॉल्यूम २' (१९९४) पण लोक लगेच सुचवतील, मला तो फार प्रिय आहे, पण अडीच तासांच्या आसपास आहे, जवळजवळ सगळे ट्रॅक बिननावाचे आणि काही रात्री एकट्याने ऐकताना चक्क भीती वाटते असे, त्यामुळे तो पहिला नको, या दोघांपैकी एक नीट ऐकून झाला की मग घ्या.