भेंडीचं इंग्रजी नाव ज्यांच्या भाषेतलं, त्यांच्या हातची भेंडी

नायजेरियातल्या एका इग्बो बाईंच्या या खानावळीला बोर्ड नाही. नवी मुंबईत कोपरखैरणेत सेक्टरच्या आतल्या एका गल्लीत तळमजल्यावरचा गाळा, चार टेबलं, बारा माणसं बसली की बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. तिथे येणारी पोरं 'मम्माकडे जातोय' एवढंच म्हणतात म्हणून मी पण त्या बाईंना मम्माच म्हणते. नेमका पत्ता टाकत नाहीये कारण त्यांनीच नको म्हटलंय, आधीची जागा शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे सोडावी लागली आणि तक्रार काय होती तर वास येतो. सुक्या मासळीचा वास. आगरी-कोळ्यांच्या गावांवर वसलेल्या शहरात सुक्या मासळीच्या वासावरून कोणाला तरी चूल हलवायला लागते हे ऐकून मला खूप राग आला होता, अजून येतो.

ओळख झाली आईमुळे. आई बाजारात सुकट, बोंबील, जवळा घेऊन बसते आणि ह्या बाई दर पंधरा दिवसांनी येऊन दोन-दोन किलो जवळा उचलायच्या, भाव न करता. आईने शेवटी विचारलंच, 'एवरा जवला कनाला गो बाय?' तर त्यांनी हिंदीत सांगितलं की भाजून कुटून ठेवते आणि प्रत्येक रश्श्यात घालते, त्याच्याशिवाय आमचा रस्सा होतच नाही. आईला हे इतकं पटलं की तिने मला सांगितलं, जाऊन बघून ये ही काय रांधते. तेव्हापासून दीड वर्षात दहा-बारा वेळा जाऊन आलेय, म्हणून हे एका भेटीवर लिहिलेलं नाही.

पहिल्या दिवशी मी आत जाऊन विचारलं, आफ्रिकन जेवणात काय काय आहे. मम्मांनी हातातलं काम ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, आफ्रिका खूप मोठी आहे, मी इग्बो आहे, माझ्याकडे इग्बो जेवण मिळतं. मला लाज वाटली खरं सांगायचं तर, कारण आपल्याला कोणी 'इंडियन भाषेत बोलून दाखव' म्हटलं की आपण किती चिडतो. मग त्यांनी टेबलावर बोटाने पाणी घेऊन नकाशा काढला. नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यात पाच राज्यं, अनांब्रा, एनुगू, इमो, अबिया, एबोनी, शिवाय नायजर नदीच्या पलीकडच्या तीरावर डेल्टाचा थोडा भाग आणि खाली रिव्हर्स राज्यातला थोडा. 3 कोटींहून जास्त लोक, म्हणजे छोटीशी जमात वगैरे अजिबात नाही. आणि ती नायजर नदी, ती गिनीच्या डोंगरात समुद्रापासून 240 किलोमीटरवर उगम पावते पण समुद्राकडे पाठ करून आधी सहाराच्या कडेपर्यंत जाते, मग वळते आणि 4,180 किलोमीटर चालून समुद्राला मिळते. आपली गोदावरी नाही का, त्र्यंबकेश्वरला उगवते, अरबी समुद्र इतका जवळ, तरी सगळा महाराष्ट्र ओलांडून पूर्वेला जाते, तसंच. मम्मांचं माहेर न्नेवीजवळ आहे, तिथून नदीकाठचं ओनित्शा जवळच, आणि ओनित्शाचा बाजार पश्चिम आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या बाजारांत धरतात.

आता जेवणाकडे येते.

भेंडी घ्या. पहिल्यांदा जाताय तर दुसरं काही मागवू नका, ओफे ओकुरू सांगा, ओफे म्हणजे रस्सा आणि ओकुरू म्हणजे भेंडी. इंग्रजीत भेंडीला ओक्रा म्हणतात तो शब्द या इग्बो शब्दावरूनच गेलाय, डिक्शनरीत तसंच दिलेलं असतं. आपण भेंडीची चिकटी जावी म्हणून चिंच घालतो, कोकम घालतो, धुऊन पुसून चिरतो, आणि इकडे ती चिकटीच हवी असते, बारीक चिरून शेवटी टाकतात आणि फार शिजवत नाहीत, रंग हिरवागार राहतो आणि रस्सा उचलला की तार धरतो. त्यात लाल पाम तेल, कुटलेला जवळा, मिरची, मटण किंवा मासळी. चव तिखट, खारी, थोडी धुरकट. माझ्या नवऱ्याला तार बघूनच जमेना, त्याने बाजूला सारली, त्यामुळे हे सगळ्यांना आवडेलच असं मी म्हणणार नाही. मला मात्र त्यात आमच्या घरच्या जवळ्याची ओळख लागली आणि मी ताट पुसून खाल्लं.

रश्श्याबरोबर गोळा मिळतो, त्याला ते स्वॅलो म्हणतात. तो चावायचा नाही, उजव्या हाताने छोटा तुकडा तोडून, अंगठ्याने खळगा करून, रश्श्यात बुडवून गिळायचा. दोन प्रकार आहेत. एक कसाव्याचा, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच कंद, पोर्तुगीजांनी दक्षिण अमेरिकेतून तिकडे नेलेला. थोडा आंबूस लागतो कारण कंद भिजवून आंबवतात. दुसरा यामचा, आणि मान खरा यामचा. तिकडच्या यामला जातभाई म्हणून आपलं कोनफळ, घोरकंद आठवा. जगातलं 90 टक्क्यांहून जास्त याम पश्चिम आफ्रिकेत पिकतं आणि इग्बो घरात ज्याच्या कोठारात याम जास्त तो मोठा माणूस असा जुना हिशोब. ऑगस्टच्या सुमाराला नवं याम निघतं तेव्हा आधी देवाला आणि पूर्वजांना, मग गावातल्या वडीलधाऱ्याने पहिला घास घ्यायचा, मग बाकीच्यांनी. त्याच्या आधी नवं याम खायचं नाही. आमच्याकडे नवीन भात घरात आलं की आजी आधी देवापुढे ठेवायची आणि तोवर आम्हाला हात लावू द्यायची नाही, मी हे सांगितलं तेव्हा मम्मा खूप वेळ हसल्या. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, इथे ताजं याम मिळत नाही, गावाहून पार्सल येणाऱ्या पिठाचा गोळा असतो. ताज्या कुटलेल्या यामची सर याला नाही हे त्या स्वतःच सांगतात.

भिंतीवर एक जुनं कॅलेंडर आहे, साल उलटून गेलं तरी काढलेलं नाही, कारण त्याच्यावर एका कांस्याच्या भांड्याचा फोटो आहे. भांड्याभोवती दोरीची जाळी विणलीय असं वाटतं पण ती दोरी पण धातूचीच आहे, गाठीसकट. मी पाणी पिता पिता सहज विचारलं आणि पुढचा अर्धा तास तिथेच गेला. इग्बो-उक्वू गावात 1938 साली इसाया अनोझी नावाचा माणूस आपल्या आवारात पाण्याची टाकी खणत होता आणि खाली कांस्याच्या वस्तू लागल्या. पुढे थर्स्टन शॉ या पुरातत्त्ववाल्याने 1959 पासून तिथे खोदकाम केलं, आणि काळ निघाला नववं शतक. म्हणजे इकडे ठाण्यात शिलाहारांचं राज्य होतं साधारण त्या वेळचं! मेणाचा साचा करून ओतकाम, आपल्याकडे ढोक्रावाले करतात तसं, आणि तिथे सापडलेल्या मण्यांची संख्या 1,65,000 च्या वर. आफ्रिकेत गोरे जायच्या आधी काही नव्हतं असं शाळेत कोणी सरळ म्हटलं नाही पण आपल्या डोक्यात तेच बसलेलं असतं, माझ्या तरी होतं.

पोरांची नावं ऐकून पण मजा वाटली. इग्बोंचा बाजाराचा आठवडा चार दिवसांचा, एके, ओरिए, अफो, न्क्वो, आणि बाजार त्या त्या वाराच्या नावाने ओळखला जातो, आपल्या पुण्यातल्या बुधवार पेठ शनिवार पेठ सारखं. एके दिवशी जन्मलेला मुलगा ओकेके, अफोचा ओकाफोर, न्क्वोचा ओकोंक्वो. आमच्या आजीच्या पिढीत सोम्या, मंगळ्या, बुध्या होतेच की. भाषा सुरांची आहे, अक्वा हा एकच शब्द आवाज वरखाली केला की रडणं, कापड, अंडं आणि पलंग असे चार अर्थ होतात. मी अंडं मागायला गेले आणि काय मागितलं देव जाणे, पण अंडं मिळालं.

आता ज्या पदार्थासाठी मी हे सगळं लिहायला बसले तो. ओकपोरोको, म्हणजे सुका कॉड मासा, मीठ न लावता वाऱ्यावर वाळवलेला, लाकडासारखा कडक, रात्रभर भिजवून मग रश्श्यात. प्लेटमागे जास्तीचे दीडशे रुपये. हा मासा नायजेरियाचा नाहीच, नॉर्वेचा आहे. व्यापारात तो आधीपासून तिकडे जायचा पण इग्बो घरांत इतका घट्ट बसला त्यामागे युद्ध आहे. 1960 ला स्वातंत्र्य मिळालं, 1966 मध्ये दोन लष्करी बंडं झाली, उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या, लाखो लोक जीव घेऊन पूर्वेला परत आले, आणि 30 मे 1967 ला पूर्व भागाचे लष्करी गव्हर्नर ओजुक्वू यांनी बियाफ्रा हा वेगळा देश जाहीर केला. जुलैत युद्ध सुरू झालं, सरकारने चहूबाजूंनी नाकाबंदी केली, बंदरं गेली, मीठसुद्धा मिळेना. 15 जानेवारी 1970 ला संपलं तोपर्यंत मेलेल्यांचे आकडे 5 लाखांपासून 30 लाखांपर्यंत सांगतात आणि त्यात बहुतेक उपासमारीने, पोरं जास्त. उली नावाच्या गावी रस्त्याचीच धावपट्टी करून रात्रीच्या अंधारात मदतीची विमानं उतरायची, त्यातून हा सुका मासा यायचा आणि दुधाची पावडर. फ्रान्समधले जे डॉक्टर तिथे गेले होते त्यांच्यातल्या काहींनी 1971 मध्ये पुढाकार घेऊन डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स उभी केली.

मम्मांची आई तेव्हा सात वर्षांची होती. मदत केंद्रावर रांगेत उभी राहून एक तुकडा मिळायचा, तो तिची आजी तीन दिवस त्याच त्याच पाण्यात उकळायची, मासा खायचा नाही, पाणी प्यायचं, आणि तिसऱ्या दिवशी मासा धाकट्याला. धाकटा वाचला नाही. हे सांगताना मम्मांचा आवाज अजिबात हलला नाही, त्या कांदा चिरत होत्या, चिरतच राहिल्या. घरात सण असला की अजून पहिला तुकडा बाजूला काढतात. मी त्या दिवशी तो मासा मागवला होता आणि माझ्या ताटात मोठा तुकडा होता, आणि मला तो खाली ठेवता पण येईना आणि खाता पण येईना, शेवटी खाल्ला. चवीला आपल्या सुक्या बोंबलापेक्षा मऊ, वास मात्र उग्र. दीडशे रुपये जास्त वाटतील तर वाटू देत.

युद्धानंतर बँकेत कितीही पैसे असले तरी सरकारने माणशी 20 पौंडच हातात ठेवले. तरी न्नेवी-ओनित्शावाले पुन्हा उभे राहिले ते व्यापारावर. गावातला पोरगा एखाद्या दुकानदाराकडे सहा-सात वर्षं राहतो, पगार नाही, खाणंपिणं त्याच्याकडे, काम शिकतो, आणि मुदत संपली की मालकाने त्याला भांडवल देऊन स्वतःचं दुकान लावून द्यायचं. मम्मांचे मिस्टर असेच कापडात शिकले आणि कापडाच्याच धंद्यासाठी इकडे आले.

लाल पाम तेलाबद्दल एक सांगायचं राहतंय. घशाला थोडं खवखवतं, पहिल्यांदा जरा सांभाळून. पण हे तेल आणि पामच्या बिया यावर तिथल्या बायकांची हातची कमाई होती, आणि 1929 मध्ये भाव पडलेले असताना इंग्रजांचे लोक बायकांची मोजणी करायला लागले. पुरुषांवर कर बसलाच होता, आता आपल्यावर बसणार म्हणून ओलोको गावातल्या न्वानयेरुवा नावाच्या बाईने आवाज दिला आणि हजारो बायका बाहेर पडल्या. इंग्रजांनी नेमलेल्या मुखियांच्या दाराशी बसून रात्रंदिवस गाणी म्हणायची, नाचायचं, तो पद सोडेपर्यंत उठायचं नाही. इग्बोंमध्ये मुळात बहुतेक ठिकाणी राजा नव्हताच, गावसभेत बसून ठरवायचे, हे मुखिये इंग्रजांनी वरून लादलेले. गोळीबारात पन्नासहून जास्त बायका गेल्या. त्याला वर्ष व्हायच्या आत इकडे आमच्या उरणात चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 ला जंगल सत्याग्रहावर गोळ्या झाडल्या, तेच सरकार. मम्मांना चिरनेर सांगितलं तर त्यांनी गावाचं नाव तीनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून.

जोलोफ राइस सगळे मागवतात, मी नाही सुचवणार. इथला मऊ पडतो, आणि तो मूळचा इग्बोंचा पण नाही, नावच सेनेगलकडच्या वोलोफ लोकांच्या जोलोफ राज्यावरून आलंय. बोकडाचं मटण दोनदा चिवट निघालं. एगुसी म्हणजे कलिंगडाच्या जातीतल्या बियांचा रस्सा, इथे त्या आपलं मगज वापरून करतात आणि पालक घालतात, छान जमतो, ज्यांना तार नको त्यांनी हा घ्या. वेळ लागतो, पाऊण तास धरून चला. पंखा एकच. साधारण साडेतीनशेत एका माणसाचं पोट भरतं. पार्किंगचं विसरा, स्टेशनवरून चालत या.

या जानेवारीत आई हट्टाने गावचं कोनफळ घेऊन आली त्यांच्यासाठी, चांगलं तीन किलो, जांभळं. मम्मांनी सुरीने एक चकती काढली, बोटांत चुरली आणि लगेच म्हणाल्या, हे जी अबाना, आमच्याकडे पण आहे, पण हे कुटून गोळा होणार नाही, पाणी फार. मग त्याचे काप करून लाल तेलात तळले, वर मीठ आणि कुटलेली मिरची. आईने आयुष्यभर कोनफळ खाल्लंय, तरी दोन प्लेटी खाल्ल्या आणि येताना तेलाची छोटी बाटली मागून घेतली. आता जवळ्याचे पैसे घेताना पाव किलो जास्त टाकते.

रविवारी जायचं तर एकच्या आत पोचा, भेंडी दोनपर्यंत संपते. आणि जागा सापडत नसेल तर बाजारात सुकटवाल्या बायकांच्या रांगेत कोणालाही विचारा, सगळ्यांना माहितीये.